गंगेवरचे पाहुणे आणि शेवेचं पाकीट

काशीला जाऊन आलेल्या कोणत्याही मराठी घरातला फोटोंचा अल्बम, हल्ली अर्थातच मोबाइल, उघडून पाहा. यात्रा थंडीतली असेल तर त्यात एक फोटो हमखास सापडतो. होडीत दाटीवाटीनं बसलेली मंडळी, कानटोप्या, मफलर, मागे धुक्यात बुडालेले घाट आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांची झुंबड. कुणाचा तरी हात वर असतो, हातात पिवळी शेव असते आणि एक पक्षी ती टिपण्याच्या बेतात असतो. शेजारीपाजारी विचारतात, ‘हे एवढे बगळे कुठले?’ उत्तर ठरलेलं. ‘बगळे नव्हेत हो, सायबेरियाचे पक्षी. दरवर्षी येतात म्हणे.’

त्या ‘म्हणे’च्या पलीकडे फारसं कुणी जात नाही. पक्ष्याचं नाव काय, तो खरंच सायबेरियातून आला का, त्यानं शेव खाल्ली तर बिघडतं का, हे विचारायला होडीत वेळ नसतो. नावाड्याला पुढची फेरी घ्यायची असते, मंडळींना अन्नपूर्णेचं दर्शन गाठायचं असतं. गंमत म्हणजे याच गंगेवर, याच होडीतून, शेवेचं पाकीट न फोडता कितीतरी वेगळे पक्षी पाहता येतात. त्यांच्यासाठी कॅमेरे गळ्यात अडकवून लांबून येणारे हौशी छायाचित्रकारही आहेत. त्यांचा रस्ता मात्र घाटाकडे पाठ करून पलीकडच्या तीरावर जातो.

सायबेरियाचे, पण सगळेच नव्हेत

शेवेवर झेपावणारे हे पक्षी म्हणजे कुरव. इंग्रजीतले सीगल. कोकणातल्या माणसाला ते नवे नाहीत. हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर थंडीत त्यांचे थवे वाळूवर बसलेले असतात, आणि गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या मागे ते कसे लागतात, हे मुंबईकरांनी अनुभवलेलंच आहे. समुद्रावरचा हा पक्षी शेकडो किलोमीटर आत, गंगेच्या गोड्या पाण्यावर कसा, असा प्रश्न पडेल. कुरवांच्या काही जातींची वीण मुळी समुद्रावर होतच नाही. त्यांचं माहेर तळ्यांच्या आणि पाणथळीच्या काठी असतं. समुद्र काय, नदी काय, हिवाळा काढण्यापुरती उघड्या पाण्याची जागा मिळाली की झालं.

काशीच्या घाटांवर प्रामुख्यानं दोन जातींचे कुरव येतात. एक काळ्या डोक्याचा आणि दुसरा तपकिरी डोक्याचा. आता होडीतून पाहिलं तर दोघांचीही डोकी पांढरीफटक! डोक्यावरची ती गडद टोपी विणीच्या हंगामापुरती असते. हिवाळ्यात ती उतरते आणि कानामागे नुसता एक काळपट ठिपका उरतो. मग ओळखायचं कसं? डोळ्यांवरून. तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळं फिकी, पिवळट पांढरी असतात आणि त्यामुळे त्याची नजर जरा रोखून पाहिल्यासारखी वाटते. दुसऱ्याचे डोळे गडद, मवाळ. शिवाय तपकिरी डोक्याचा कुरव अंगानं थोडा थोराड असतो आणि त्याच्या पंखांच्या काळ्या टोकांवर आरशासारखे पांढरे ठिपके असतात. घरी गेल्यावर फोटो मोठा करून पाहिला तरी हे सगळं दिसतं. म्हणजे अल्बममधल्या त्या जुन्या फोटोतला पाहुणा कोण होता, हे आजही शोधून काढता येईल.

राहता राहिला सायबेरियाचा प्रश्न. काळ्या डोक्याच्या कुरवाचा विणीचा प्रदेश युरोपपासून पार रशियाच्या पूर्व टोकापर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे त्याला सायबेरियाचा म्हटलं तर अगदीच चूक नाही. तपकिरी डोक्याचा कुरव मात्र मध्य आशियाच्या उंच पठारांवर वाढतो. तिबेट, पामीर आणि आपलं लडाख. म्हणजे ज्याला आपण परदेशी पाहुणा म्हणून शेव घालतो, त्यातला एखादा भारतातच जन्मलेला असू शकतो. हिमालय ओलांडून तो नोव्हेंबरच्या सुमाराला, देवदिवाळीचे दिवे लागतात त्या दिवसांत गंगेवर उतरतो आणि मार्चमध्ये परततो. नावाड्यांचा नौकाविहाराचा भरीचा हंगामही नेमका तोच. पक्षी आणि यात्रेकरू एकाच वेळी येतात, आणि शेव विकणाऱ्यांना दोघांचीही सोय करता येते.

दहा-वीस रुपयांचा फोटो

होडी किनाऱ्यापासून थोडी आत गेली की तिच्या कडेला दुसरी छोटी नाव येऊन लागते. तिच्यात शेवेच्या पाकिटांची रास. ‘माताजी, चिड़िया को दाना डालिए, पुण्य मिलेगा.’ दहा-वीस रुपयांत पुण्यही आणि फोटोही म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? नावाडी तोंडानं ‘आ, आ’ अशी लांब हाळी देतो, मूठभर शेव पाण्यावर उधळतो आणि क्षणात आकाश पांढरं होतं. लहान मुलं तर हरखूनच जातात. इतक्या जवळून, इतके जंगली पक्षी पाहण्याची सोय देशात फार कमी ठिकाणी असेल, हे मान्य केलंच पाहिजे.

पण त्या शेवेत काय असतं? बेसन, मीठ आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. कुरवाचं नैसर्गिक खाणं म्हणजे छोटे मासे, किडे, पाण्यातले बारीक जीव आणि मेलेलं-सडलेलंही. तो नदीचा सफाई कामगार आहे. मिठाबद्दल बोलायचं तर निसर्गानं त्याला चांगली सोय करून दिली आहे. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथींतून तो रक्तातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकू शकतो, म्हणून तर समुद्राचं पाणी त्याला चालतं. तळलेल्या बेसनासाठी मात्र तशी काही व्यवस्था नाही. पोट भरतं, पण लांबच्या प्रवासासाठी लागणारं सकस खाणं पोटात जात नाही. त्यातून एकाच जागी शेकडो पक्षी रोज दाटी करू लागले की रोग पसरायलाही सोपं जातं. रिकाम्या पाकिटांचं प्लॅस्टिक गंगेत जातं ते वेगळंच.

कुरव ही काही नामशेष होत चाललेली जात नव्हे. तो चिवट आहे, मिळेल ते खाऊन जगतो. शेवेनं कुरव संपतील असा कांगावा कुणी करू नये. प्रश्न वेगळा आहे, आणि तो २०२१च्या जानेवारीत एकदम चव्हाट्यावर आला.

शिखर धवनची होडी

त्या हिवाळ्यात देशभर बर्ड फ्लूची साथ होती. हिमाचल प्रदेशातल्या पोंग जलाशयावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हंसांची संख्या सर्वांत मोठी होती. आपल्याकडे परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि पंचक्रोशीतल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. वाराणसीच्या प्रशासनानंही खबरदारी म्हणून गंगेवर पक्ष्यांना खाऊ घालायला मनाई केली आणि तशा सूचना नावाड्यांना दिल्या.

नेमका त्याच सुमाराला क्रिकेटपटू शिखर धवन काशीला आला होता. दर्शन झालं, गंगाआरती झाली, नौकाविहार झाला, आणि होडीत बसून कुरवांना हातानं खाऊ घालतानाचे फोटो त्यानं हौसेनं इन्स्टाग्रामवर टाकले. फोटो सुरेख होते. लाखो लोकांनी पाहिले, आणि त्यांत जिल्हा प्रशासनही होतं! धवनविरुद्ध स्थानिक न्यायालयात तक्रार दाखल झाली. प्रशासनाची भूमिका मात्र अशी होती की बाहेरून आलेल्या पर्यटकाला सूचना ठाऊक नसण्याची शक्यता आहे. नावाड्याला ती दिलेली होती. त्यामुळे कारवाईचा बडगा आला तो नावाड्यावर.

प्रशासनाचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीनं बरोबर असेलही. पण त्यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. शेव मागतो पर्यटक, फोटो मिळतो पर्यटकाला, आणि दंड भरतो तो दिवसाच्या चार-पाच फेऱ्यांवर घर चालवणारा मल्लाह. एका होडीत पक्षी दाखवले आणि दुसरीत नाही, तर गिऱ्हाईक कुठल्या होडीत बसेल? घाटावरच्या या चढाओढीत एकट्यादुकट्या नावाड्यानं ‘आमच्याकडे शेव मिळणार नाही’ असं म्हणणं म्हणजे पोटावर पाय देऊन घेणं. करोनाच्या टाळेबंदीत होड्या महिनोन्‌महिने बांधून ठेवलेल्या, त्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा होता, हेही लक्षात घ्यायला हवं. पुढे साथ ओसरली, मनाईचा धाक गेला आणि शेवेची पाकिटं परत आली.

घाटाकडे पाठ करा

काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे. सगळे प्रसिद्ध घाट पश्चिम तीरावर, उगवतीकडे तोंड करून उभे. दशाश्वमेध, अहिल्याबाई, भोसले, शिंदे, ब्रह्मा, दुर्गा अशी नावं वाचत गेलं की मराठी माणसाला आपल्याच गावात आल्यासारखं वाटतं. नागपूरकर भोसले, ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरच्या अहिल्याबाई, पेशवे, सगळ्यांनी इथे दगडाला हात लावलेला आहे. आणि समोरच्या तीरावर काय आहे? काही नाही! नुसती वाळू. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते, दिवाळीनंतर उघडी पडते आणि रामनगरच्या बाजूनं पांढऱ्या पट्ट्यासारखी लांबवर पसरते. यात्रेकरू तिथे घोडागाडीच्या हौसेला किंवा निवांत आंघोळीला जातात. पक्षी पाहणारा माणूस तिथे तांबडं फुटायच्या वेळेला जातो.

या वाळूचा मानकरी म्हणजे चक्रवाक. नाव ऐकूनच कान टवकारतील. संस्कृत कवींनी आणि आपल्या ज्ञानेश्वरीनंही ज्याची जोडी अजरामर केली, तो हाच. दिवसा एकत्र असणारं जोडपं रात्री नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन एकमेकांना साद घालत राहतं, असा तो कविसंकेत. प्रत्यक्षातला चक्रवाक हे एक मोठं, नारिंगी-बदामी रंगाचं बदक आहे. डोकं फिकट, पंखांत पांढऱ्या-काळ्या-हिरव्या रंगांची चमक. उत्तरेत त्याला सुर्खाब म्हणतात. ‘याला काय सुर्खाबाची पिसं लागलीत?’ या अर्थाचा हिंदीतला वाक्प्रचार त्याच्यावरूनच आला. लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी त्याची वीण होते. तिथे लामांच्या वस्त्रांसारखा रंग म्हणून बौद्ध लोक त्याला पवित्र मानतात, त्याच्या वाटेला जात नाहीत. हा पक्षी बराचसा रात्री चरतो आणि चरताना बोलतो. काळोखात नदीच्या दोन्ही बाजूंनी येणारे ते सानुनासिक आवाज ऐकूनच कुणा कवीला ती विरहाची कल्पना सुचली असावी. शास्त्र आणि काव्य यांचं असं जमलं की बरं वाटतं.

चक्रवाक शेव खायला येत नाही. तो माणसाला बुजतो. होडीचं इंजिन बंद करून, वल्ह्यांचा आवाज न करता, तिरक्या रेषेत हळूहळू सरकत गेलं तर तो जवळ येऊ देतो. सरळ अंगावर गेलं की जोडी उठते आणि अर्ध्या किलोमीटरवर जाऊन बसते. इथेच नावाड्याचं कसब लागतं. प्रवाह कुठे ओढतो, वाळूची जीभ पाण्याखाली कुठवर गेली आहे, होडी कुठे टेकेल, हे त्याला पाठ असतं. कॅमेरा कितीही महागडा असो, हे ज्ञान लेन्सबरोबर मिळत नाही.

त्याच वाळूवर कधी कधी इतर कुरवांपेक्षा जवळजवळ दुप्पट मोठा असा एखादा धिप्पाड कुरव एकटाच बसलेला दिसतो. पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा पट्टा, कपाळ सपाट, चेहरा करारी. हा पल्लासचा कुरव. अठराव्या शतकात रशियाच्या राणी कॅथरीनच्या आश्रयानं कॅस्पियनपासून सायबेरियापर्यंत भटकून प्राणी-वनस्पतींची नोंद करणाऱ्या पीटर सायमन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाचं नाव तो मिरवतो. मासे हे याचं मुख्य खाणं. शेवेच्या गर्दीत तो सहसा पडत नाही. शिवाय नदी टिटवी, नदी सुरय, एकाच जागी पंख फडफडवत थांबून पाण्यात सूर मारणारा कवड्या धीवर, शेपटी हलवत ओल्या वाळूवर धावणारे धोबी. दोन तासांच्या फेरीत पंधरा-वीस जाती नवख्यालाही सहज मोजता येतात.

प्रकाशाचंही गणित इथे समजून घेण्याजोगं आहे. सकाळी घाटावर उभं राहून फोटो काढला तर सूर्य समोर, म्हणजे पक्षी काळे. होडी नदीच्या मध्यावर किंवा पलीकडे नेऊन घाटाकडे तोंड केलं, की कोवळं ऊन पाठीमागून येतं आणि पांढऱ्या पंखांवर सोनं चढतं, मागे घाटांच्या पायऱ्या. पण मागची भिंत गडद आणि पक्षी पांढरा असला की कॅमेरा फसतो आणि पंखांची पांढरी नक्षी धुऊन टाकतो. तेव्हा प्रकाश थोडा कमी घ्यावा. धुक्याच्या दिवशी याच्या उलट. छत्तीस फोटोंचा रोल असायचा त्या काळात छायाचित्रकार बटण दाबण्यापूर्वी दहादा विचार करायचे. आता एका झेपेचे पन्नास फोटो निघतात आणि विचार घरी गेल्यावर, एकोणपन्नास पुसताना होतो.

वाळूची मालकी कुणाची?

ज्या वाळूवर हे सगळं चालतं, तिचा गेल्या काही वर्षांतला इतिहास मोठा विलक्षण आहे. १९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. अर्धवट जळालेली प्रेतं नदीत सोडली जातात, ती खाऊन पाणी साफ ठेवायला कासवं सोडावीत, अशी त्यातली एक कल्पना होती. सारनाथला कासवांची पिल्लं वाढवायची आणि गंगेत सोडायची. त्यासाठी १९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भर शहरातून वाहणारी नदी अभयारण्य असणं ही जगावेगळी गोष्ट होती. अभयारण्य म्हटल्यावर वाळूउपसा बंद. कासवांच्या नावानं वाळू राहिली, आणि वाळूच्या आधारानं पक्षी.

कासवं किती उरली यावर बरेच वाद झाले. शेवटी २०२० मध्ये या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला आणि प्रयागराज, मिर्झापूर, भदोही या बाजूला गंगेचा दुसरा पट्टा कासवांसाठी राखण्यात आला. पाठोपाठ २०२१ मध्ये घाटांवरचा प्रवाहाचा ताण कमी करायचा म्हणून समोरच्या वाळूतून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला. त्या पावसाळ्यात गंगेला पूर आला आणि नदीनं तो कालवा गाळानं भरून टाकला. गंगेनं आपलं मत असं स्पष्ट सांगितल्यावर निदान काही काळ तरी शांतता लाभायला हवी होती. पण १३ जानेवारी २०२३ रोजी त्याच वाळूवर तंबूंच्या आलिशान वसाहतीचं उद्घाटन झालं. दिवे, गाणी, भोजन, सगळा थाट. पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं आणि नदीपात्रात अशी वसाहत करण्यावर लवादानं आक्षेप घेतला.

या सगळ्या चर्चेत पक्ष्यांचं नाव अभावानंच निघालं. ‘पलीकडे काय आहे? नुसती वाळू!’ हीच बहुतेकांची समजूत. शेवेवर येणारे कुरव सगळ्यांना दिसतात, त्यांच्यासाठी मनाईहुकूमही निघतो. वाळूवर गुपचूप उतरणारा चक्रवाक कुणाच्या फोटोत नसतो, म्हणून हिशेबातही नसतो. प्रश्न वेगळा आहे असं वर म्हटलं, तो हा.

पाणचिऱ्याच्या वाटेवर

वाळूचं मोल काय असतं, हे पाहायचं तर काशीहून सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या प्रयागराजला जावं. त्रिस्थळी यात्रेला निघालेली मंडळी तिथे जातातच. संगमावरही कुरव आहेत, शेव आहे, तीच हाळी आहे. पण गंगा-यमुनेच्या वाळूच्या बेटांवर एक असा पक्षी राहतो, ज्याच्यासाठी पक्षिनिरीक्षक देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात. तो म्हणजे पाणचिरा. वरून काळा, खालून पांढरा, चोच गाजरासारखी केशरी. आणि ती चोचही अजब, खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. तोंड उघडं ठेवून तो पाण्याला अगदी लागून उडतो, खालची चोच पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत जातो. मासा लागला की चोच मिटली! पाणी चिरत जातो म्हणून पाणचिरा. असं बारसं करणारा माणूस नक्कीच नदीकाठचा असणार. मराठी बोलीतली अशी नावं गोळा करून जपण्याचं मोठं काम २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या मारुती चितमपल्लींनी केलं, त्यांचा ‘पक्षिकोश’ घरात असावा असा आहे.

पाणचिऱ्याच्या जगात तीनच जाती आहेत. अमेरिकेतली, आफ्रिकेतली आणि ही आपली. आपल्या जातीचे प्रौढ पक्षी तीन हजारांच्या आतच उरले असावेत असा अंदाज आहे आणि २०२० पासून तिचा समावेश ‘संकटग्रस्त’ या वर्गात झालेला आहे. कारण साधं आहे. मार्च ते मे या कडक उन्हात तो नदीतल्या वाळूच्या बेटावर उघड्यावरच अंडी घालतो. घरटं म्हणजे वाळूत केलेला एक खळगा. ऊन वाढलं की आई-बाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांना गारवा देतात. वरच्या धरणातून अचानक पाणी सोडलं तर अंडी वाहून जातात. पाणी फार आटलं तर बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, गुरं चालत येतात. वाळूचा उपसा झाला तर बेटच जातं.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या परवीन शेख यांनी चंबळ नदीवर या पक्ष्यासाठी वेगळीच वाट धरली. नदीकाठच्या गावकऱ्यांनाच त्यांनी घरट्यांचे राखणदार केलं. विणीच्या दिवसांत ही माणसं बेटांवर नजर ठेवतात, कुत्री-गुरं हाकलतात, नोंदी ठेवतात आणि त्याचा मोबदला घेतात. या कामासाठी परवीन शेख यांना २०२५ साली ब्रिटनचा व्हिटली पुरस्कार मिळाला आणि हेच काम प्रयागराजच्या गंगेवरही नेण्याचं ठरलं आहे.

घाटावरच्या मल्लाहांना हे नवीन नाही, आणि महाराष्ट्रालाही नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांनी काय केलं? रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी येऊ लागली, तशी तिथल्या पोरांनी पक्ष्यांची नावं शिकून घेतली. आज तिथला होडीवाला ‘दादा, डाव्या हाताला बघा, चक्रवाकाची जोडी’ असं सहज सांगतो, कॅमेरेवाल्याला ऊन कुठल्या बाजूनं हवं तेही त्याला ठाऊक असतं. घरी बायका पिठलं-भाकरी, माशाचं कालवण करून वाढतात. पैसा गावात राहतो. फरसाण उधळून कुरव गोळा करायची खोड तिकडेही शिरली आहे, नाही असं नाही. पण पक्षी दाखवणं हेच ज्याचं कसब, त्याला शेवेची गरज कमी लागते, एवढं खरं.

काशीत हे जमण्यासारखं आहे. होड्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचं नदीचं ज्ञान आहे, गिऱ्हाईक तर दारात उभं आहे. हल्ली होड्यांना सीएनजीची इंजिनं बसू लागली, त्यामुळे डिझेलचा धूर आणि धडधडही पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. गिऱ्हाइकानं मात्र मागणी बदलायला हवी. ‘शेव नको, भैया. उस पार ले चलो, धीरे से’ एवढं होडीत बसताना सांगितलं, आणि वेळेचे ठरलेले पैसे मोकळ्या हातानं दिले, तर नावाड्याचं काही नुकसान होत नाही. उलट फेरी लांबते.

ज्यांना जायचं आहे त्यांनी डिसेंबरअखेर ते मकरसंक्रांत हा काळ शक्यतो टाळावा. महानगरी एक्स्प्रेसनं अठ्ठावीस-तीस तास हाडं खिळखिळी करून पोचावं आणि धुक्यात समोरची होडी दिसू नये, असं होतं. फेब्रुवारी उत्तम. सकाळ स्वच्छ असते, थंडी सोसवेल इतकी. अस्सी घाटावरून उजाडायच्या आत होडी घ्यावी, सोबत साधीशी दुर्बीण असावी, कपडे मातकट रंगाचे असावेत. वाळूवर उतरलंच तर एका जागी बसून राहावं. पक्षी पंधरा-वीस मिनिटांत आपल्याला विसरतात. वेळ असेल तर कैथीला, गोमती गंगेला मिळते तिथे जावं. मार्कंडेय महादेवाचं दर्शन होतं आणि नशिबात असेल तर पाण्यातून उसळणारी गंगेतली डॉल्फिन, तिकडची सूंस, दिसते.

फेब्रुवारीचा आणखी एक फायदा आहे. महिना सरत येतो तशी कुरवांची डोकी रंगू लागतात. आधी कानामागचा ठिपका पसरतो, मग कपाळावर धूसर छटा येते आणि मार्चच्या सुरुवातीला काहींची टोपी पूर्ण चढलेली असते. दोन्ही जातींची नावं तेव्हा कुठे सार्थ होतात. काळ्या डोक्याच्या कुरवाची टोपीही खरं तर काळी नसून गडद चॉकलेटी असते, दुसऱ्याची फिकी, दुधाच्या कॉफीसारखी. एकाच थव्यात पांढरी, अर्धवट रंगलेली आणि पूर्ण रंगलेली अशी सगळ्या तऱ्हांची डोकी दिसतात. हा देखावा आठ-दहा दिवसांचाच असतो. मग एके दिवशी घाटावर एकही कुरव नसतो, आणि पाकिटंवाल्या छोट्या नावा माळा-दिवे विकायला लागतात.